‘मोडशी’ म्हणजे नक्की काय हो?

केळेवाडीची लेक | सोमवार, रात्री ११.२०

शनिवारी पावसाने जरा उघडीप दिली म्हणून आम्ही सगळे चौपाटीवर गेलो. तिथे काय काय खाल्लं याची यादी देत नाही, कारण त्यातलं अर्धं मीच घेऊन दिलं होतं. रात्री दोनला चिरंजीव (वय वर्षं नऊ) उठून बसले आणि कुल्फी, कणीस, भेळ अशा उलट्या क्रमाने सगळं बाहेर आलं. पहाटेपर्यंत दुसरीही बाजू सुरू झाली. चार वाजता रिक्षा करून जवळचं इस्पितळ गाठलं. नको नको म्हणताना सासूबाईही बरोबर आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले, पण नातवाचं दुखणं म्हटल्यावर चप्पल घालून दारात उभ्या.

कॅज्युअल्टीत एक पोरगेलासा डॉक्टर होता, रात्रभर जागा असावा. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी निदान सांगून टाकलं, "मोडशी झालीय त्याला."

त्याने पेन थांबवलं. "काय मोडलंय? पडला का कुठे? एक्स-रे काढलाय?"

"अहो, मोडलं नाही. मोडशी!"

"मग सूज कुठेय?"

शेवटी मी मध्ये पडून उलट्या-जुलाब म्हटलं, तेव्हा गाडी रुळावर आली. त्याने केसपेपरवर ‘ए.जी.ई.’ अशी तीन अक्षरं लिहिली, एक इंजेक्शन दिलं, पावडरीची पाकिटं दिली आणि आम्ही सहा वाजता घरी. पोरगं आता ठणठणीत आहे, काळजी नसावी. पण सासूबाई दोन दिवस एकच धरून बसल्यात, "मराठी मुलगा, आडनाव मराठी, आणि मोडशी माहीत नाही?"

मला खोटं बोलवत नाही. मलाही नीट सांगता येत नाही. आमच्या चाळीत मोडशी शब्द सर्रास होता, पण पित्त वेगळं, जुलाब वेगळे आणि मोडशी वेगळी, एवढंच कळायचं. तर जाणकारांनो, मोडशी म्हणजे नेमकं काय? आणि शब्द आला कुठून? खरंच ‘मोडण्या’वरून की आपलं उगाच?

आंबटचुका | सोमवार, रात्री ११.४१

बरं झालं सावरला ते. आमच्याकडे (माहेर कराड, सासर ठाणे) याचा हिशेब सरळ आहे. जुलाब कशानेही होतात, मोडशी मात्र खाऊनच होते. जास्त खाल्लं, अवेळी खाल्लं, शिळं खाल्लं, वर ढसाढसा पाणी प्यायलं, ते पोटात तसंच पडून राहिलं आणि मग दोन्हीकडून निघालं, की मोडशी. आधी करपट ढेकर येतात, तोंडाला पाणी सुटतं, पोट टम्म होतं. लग्नाच्या पंगतीनंतर हमखास.

आई लिंबाची फोड तव्यावर गरम करून मीठ-साखर लावून चोखायला द्यायची. आणि सहाणेवर जायफळाचे मोजून वेढे, जास्त नाही. लहान मूल असेल तर तीन, मोठं असेल तर सात. पाच का नाही, हे मी कधी विचारलं नाही.

वडापाव विचारवंत | मंगळवार, सकाळी ८.०५

अरे देवा. मी आजवर मोडशी म्हणजे मूळव्याधीचा मोड समजत होतो. आमच्या मजल्यावरच्या काकांना मोडशी झाली म्हणून कळल्यावर मी त्यांना बसायला मधे भोक असलेली उशी नेऊन दिली होती. त्यांनी ती ठेवूनही घेतली.

कडक भाकरी | मंगळवार, सकाळी ९.३०

आमच्याकडं (सोलापूर, सध्या मुक्काम कल्याण) मोडशी म्हणतात पण कमी. जोरात असलं तर ‘वाखा झाला’. आणि त्याहून जोरात असलं तर पटकी, म्हणजे कॉलरा. पटकी हा शब्द आजीच्या तोंडून दुखण्यापेक्षा शिवीत जास्त ऐकला. "पटकी भरली मेल्याला!" हे आज्जीचं दिवसातून चारदा, बहुतेक वेळा मला.

तवा आमचं गणित असं : अजीर्ण, मोडशी, वाखा, पटकी. खालून वर चढत जायचं.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी १.१५

केळेवाडीताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी पहाटे चार वाजता उच्चारलेला शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज पुस्तकात छापून आलेला आहे. आणि छापणारा माणूस काही काळ आपल्या मुंबईचा खोत होता.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. १५५० च्या दशकात त्याला मुंबईचं बेट खंडाने मिळालं. टाउन हॉलच्या मागे, आज नौदलाच्या हद्दीत असलेल्या जुन्या किल्ल्यात, त्याचा वाडा होता. त्याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. भारतात छापखाना आला १५५६ मध्ये, म्हणजे इथे छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. पुस्तक सगळं संवादात आहे. ओर्ता आणि रुआनो नावाचा एक कल्पित पाहुणा प्रश्नोत्तरं करतात, मध्येच कोणी पेशंट येतो, मध्येच विषय भरकटतो. थोडक्यात, धागाच.

त्यातल्या सतराव्या संवादात एका भयंकर दुखण्याचं वर्णन आहे. नाडी बुडते, अंग गार पडतं, डोळे खोल जातात, हातापायांत गोळे येतात आणि चोवीस तासांत माणूस जातो. ओर्ता म्हणतो की याला इथले लोक ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज तो शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो. पुढे तो सांगतो की हे दुखणं जून-जुलैत जास्त असतं आणि फार खाण्याने होतं म्हणूनच त्याला हे नाव आहे.

जून-जुलै, आणि फार खाणं! आंबटचुका यांच्या आईने याहून वेगळं काय सांगितलं?

‘मोर्शी’ पाहून दचकू नका, ती अमरावती जिल्ह्यातली नव्हे. दोन स्वरांच्या मध्ये किंवा शब्दाच्या आत आपला ‘ड’ जिभेचं टोक मागे उडवून म्हटला जातो, परक्या कानाला तो ‘र’ ऐकू येतो. पोर्तुगीजांच्या लिपीत ‘ड’ला अक्षर नाही, आणि त्यांचं ‘एक्स’ म्हणजे आपला ‘श’. मोड्शी लिहायला त्यांच्याकडे याहून जवळचं काही नव्हतं. ज्यांनी र आणि ड दोन्ही ऐकले त्यांनी दोन्ही लिहून ‘मोर्देशी’ केलं.

आणि हो, मोडणे यावरूनच. १८८६ मध्ये निघालेल्या, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांच्या हॉब्सन-जॉब्सन कोशात युल आणि बर्नेल यांनीही मराठी-कोंकणी ‘मोडणे’कडेच बोट दाखवलंय. मात्र मोडतं ते पोट नव्हे, माणूस मोडतो. ‘घर मोडलं’, ‘तो पार मोडून पडला’ यातलं मोडणं.

नायगावचा नारळ | मंगळवार, दुपारी २.००

अनुस्वारराव, थोडी भर घालतो. मी वसईकडचा ख्रिस्ती, त्यामुळे पोर्तुगीजांच्या उच्चारांशी आमचं जुनं नातं आहे (आमची आडनावं बघा). पुढे पोर्तुगीज पुस्तकांत हाच शब्द ‘मोर्देशीं’ असा, शेवटी नाकातला अनुस्वार लावून येतो. हे त्यांनी फक्त रोगाशीच केलं नाही. वसईचं बासाइं केलं आणि मुंबईचं बोंबाइं. शेवटी आपली ‘ई’ दिसली की नाकात बोलायचं, ही त्यांची सवयच. मुंबई आणि मोडशी दोघींना एकाच दुकानात शेपूट लावून मिळालंय.

जुना लाकूडतोड्या | मंगळवार, दुपारी ३.२२

सगळं उलटं चाललंय. हा शब्द मूळ फ्रेंच आहे. ‘मॉर द शियँ’ म्हणजे कुत्र्याचं मरण. कॉलऱ्याने माणूस कुत्र्यासारखा मरायचा म्हणून फ्रेंचांनी हे नाव दिलं आणि आपल्या अडाणी लोकांनी त्याचं मोडशी केलं. मी हे इंग्रजी पुस्तकात वाचलंय. प्रत्येक गोष्ट मराठीच होती असं म्हणायची फॅशन आहे हल्ली.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी ४.१०

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, फक्त उलट्या बाजूने वाचलंत. फ्रेंच आणि इंग्रज दोघेही ‘मॉर द शियँ’ लिहीत होते हे खरं. पण फ्रेंचांची व्यापारी कंपनी हिंदुस्थानात आली सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ओर्ताने मोर्शी लिहिलं १५६३ मध्ये. त्याच्याही आधी, १५४३ च्या गोव्यातल्या साथीबद्दल गाश्पार कोरैया या बखरकाराने हाच शब्द नोंदलाय. शंभर वर्षांनी येणाऱ्या पाहुण्याकडून शब्द उसना कसा घेणार?

झालं असं की पोर्तुगीजांचं मोर्देशीं फ्रेंचांच्या कानावर पडलं, त्यांना ते आपल्या भाषेतल्यासारखं वाटलं आणि अर्थही भयानक जुळला. लोक परका शब्द ऐकून आपल्या घरचा करून घेतात तसं. गाडीच्या ‘गार्ड’चा ‘गारद’ नाही का केला आपण? (गारद आधी पलटणीचा, मग गाडीचा, हे मान्य.) हॉब्सन-जॉब्सनमध्ये हा शब्द ‘मॉर द शियँ’ या नावाखालीच दिलाय, आणि खाली पहिल्याच दमात लिहिलंय की हे अपभ्रष्ट रूप आहे.

वडापाव विचारवंत | मंगळवार, दुपारी ४.१८

म्हणजे आमच्या काकांना फ्रेंच भाषेत कुत्र्याचं मरण आलं आणि मी उशी दिली.

जुना लाकूडतोड्या | मंगळवार, दुपारी ४.५०

१५४३ चं मान्य. बाकी फॅशनबद्दलचं मत कायम.

बिब्बा | मंगळवार, संध्याकाळी ६.३५

वैद्य आहे, म्हणून दोन शब्द. ग्रंथांत अजीर्णाचे प्रकार दिलेत : आमाजीर्ण, विदग्धाजीर्ण, विष्टब्धाजीर्ण, शिवाय रसशेषाजीर्ण. आणि ते वाढलं की पुढे अलसक, विलंबिका आणि विसूचिका. सुश्रुताने विसूचिकेची फोड ‘सूची’वरून केलीय, म्हणजे वायू अंगात सुया टोचल्यासारखा टोचतो ती विसूचिका. पुढे इंग्रजी काळात कॉलऱ्याला संस्कृत शब्द हवा होता तेव्हा हीच विसूचिका पुढे केली गेली. पण सुश्रुत तिचं कारण अजीर्णच देतो. अधाशासारखं जेवणाऱ्या, जिभेवर ताबा नसलेल्या माणसाला ती होते.

तेव्हा ओर्ताला ‘फार खाण्याने होतो’ हे कुणी सांगितलं असेल, ते मी पैजेवर सांगतो : गोव्यातल्या एखाद्या वैद्याने. तो इथल्या वैद्यांना विचारत असे, हे त्याच्याच पुस्तकात आहे.

खोकला डॉक्टर | मंगळवार, रात्री १०.५०

(खरा डॉक्टर आहे, फिजिशियन. नाव थट्टेतलं.)

पहिल्यांदा त्या कॅज्युअल्टीतल्या पोराची बाजू घेतो. ए.जी.ई. म्हणजे अक्यूट गॅस्ट्रो-एन्टरायटिस, जठर आणि आतड्याचा अचानक झालेला दाह. चौतीस तासांच्या ड्यूटीच्या शेवटी मलाही कुणी मोडशी म्हटलं असतं तर मीही मोडकं हाड शोधलं असतं.

आता गंमत सांगतो. कॉलरा हा शब्दही मोडशीसारखाच चालत आलाय. तो ग्रीक आहे, आणि बहुतेकांच्या मते ‘खोले’ म्हणजे पित्त, त्यावरून आलेला. काही जण पन्हळ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, पावसाळ्यात पन्हळीतून पाणी कोसळावं तसं, म्हणून. माझं मन पन्हळीकडे ओढतं, पण ते जाऊ दे. युरोपात शेकडो वर्षं कॉलरा म्हणजे नुसत्या जोराच्या उलट्या-जुलाब. उन्हाळ्यात फळं जास्त खाल्ली की व्हायचा, बराही व्हायचा. म्हणजे अगदी तुमची मोडशीच. मग १८१७ मध्ये बंगालात जेसोरकडे जी साथ उसळली ती देशभर फिरली, १८१८ मध्ये मुंबईत पोहोचली, पुढे जगभर गेली. तेव्हापासून कॉलरा हा शब्द त्या एका रोगाला चिकटला तो कायमचा. १८८४ मध्ये जर्मन डॉक्टर कोखने कलकत्त्याच्या तळ्यातल्या पाण्यात आणि रुग्णांत स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू दाखवला, त्याआधी तीस वर्षं इटलीत पाचिनीने तो पाहिलेला होता, पण लक्ष कुणी दिलं नव्हतं.

मोडशीचा प्रवास मात्र दुसऱ्या दिशेने झाला. पोर्तुगीजांच्या काळात ती चोवीस तासांत माणूस नेत होती, आणि आता लिंबाच्या फोडीने बरी होते.

अनुस्वार यांच्या ‘माणूस मोडतो’ला माझं अनुमोदन. कॉलऱ्यात तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, तासाला लिटरभरही पाणी जाऊ शकतं. कातडीला चिमटा काढला तर घडी तशीच राहते. आवाज बसतो, बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुततात. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज डॉक्टर या अवस्थेला ‘कोलॅप्स’ म्हणत. मराठीत याला मोडणं म्हणतात, आणि ते कुणीतरी त्यांच्या किमान अडीचशे वर्षं आधी म्हणून ठेवलंय.

आंबटचुका | बुधवार, सकाळी ७.४०

डॉक्टरसाहेब, मस्त लिहिलंत. पण चहा पिताना वाचायला नको होतं.

पोटाची सगळी दुखणी क्रियापदांवरूनच आली असावीत असं मला रात्री सुचलं. मोडणे – मोडशी. मुरडणे – मुरडा. ढाळणे – ढाळ. हगवणीचं सांगायलाच नको. मुरड्यावर मुरुडशेंग द्यायची, ती दिसतेही मुरडलेली, दोरीला पीळ घातल्यासारखी. बाळगुटीत असते बघा, हळकुंड, वेखंड, मायफळ, हिरडा यांच्या ओळीत. माझ्या आईच्या गुटीच्या डबीतली मुरुडशेंग उगाळून उगाळून खडूच्या तुकड्याएवढी झालीय. माझ्या धाकट्या भावाची गुटी तिच्यावर झाली, माझ्या दोन्ही मुलांचीही. भावाचं वय आता एक्केचाळीस.

शीर खुर्मा | बुधवार, दुपारी १२.१०

आंबटचुका, जुलाब मात्र तुमच्या यादीतून पळाला! मी कोकणी मुसलमान, माहेर रत्नागिरी, घर माहीमला. घरात मराठी-कोकणी, शाळेत उर्दू, त्यामुळे हा किस्सा आमच्या अब्बांचा लाडका होता. फारसीत गुलाब म्हणजे गुल आणि आब, फुलाचं पाणी, गुलाबपाणी. अरबांनी त्याचं ‘जुलाब’ केलं, कारण त्यांच्याकडे ग नाही. मग त्याचा अर्थ झाला औषध घालून प्यायचं गोड सरबत. हकीम पोट साफ करायचं औषध असल्या सरबतातून देत, म्हणून जुलाब म्हणजे रेचक. उर्दू-हिंदीत अजून जुलाब ‘घेतात’. मराठीत आपल्याला तो ‘होतो’. औषधाचं नाव दुखण्याला लागलं.

इंग्रजीत याच शब्दाचं ज्यूलेप झालं आणि ते लोक पुदिना घालून थंडगार पितात.

हैजाही तसाच अरबीतून आला. अनुस्वारभाऊ, ओर्ताच्या पुस्तकात तो आहे का?

अनुस्वार | बुधवार, दुपारी १.००

आहे! अरब याला काय म्हणतात हे तो मोर्शीच्या शेजारीच देतो. शीर खुर्मा, तुमच्या अब्बांचा किस्सा मी आजपासून माझा म्हणून सांगणार.

वडापाव विचारवंत | बुधवार, दुपारी १.०४

‘गुलाब झालेत’ म्हणून ऑफिसात रजा टाकली आहे. मॅनेजर अभिनंदन म्हणाला.

धोबीतलावाचा मासा | बुधवार, संध्याकाळी ७.२५

मुंबईचं नाव आलंच आहे तर एक सांगतो. १८१८ ला ती साथ इथे आली तेव्हा लोक पीत होते ते पाणी विहिरींचं आणि तळ्यांचं. धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी, बाबुला टँक, ही आज बसथांब्यांची आणि नाक्यांची नावं आहेत, तेव्हा पाणवठे होते. माणसं, गुरं, धुणं, सगळं तिथेच. विहार तलावाचं नळाचं पाणी शहरात आलं १८६० मध्ये, मग हळूहळू तळी बुजवली.

कुर्ल्याकडे साकीनाक्याजवळ जरीमरी नावाची वस्ती आहे, रोज बसच्या पाटीवर वाचतो आपण. जरीमरी म्हणजे ताप आणि महामारी, त्यांची देवी. वांद्र्यालाही जरीमरीचं देऊळ आहे. कडकलक्ष्मी डोक्यावर घेऊन आसूड ओढत पोतराज यायचा गल्लीत, ती मरीआई म्हणजे हीच. लहानपणी मी त्याला घाबरून पलंगाखाली जात असे आणि आजी मात्र सुपातून तांदूळ घेऊन बाहेर जायची.

कडक भाकरी | बुधवार, रात्री ८.१०

आमच्याकडं मरीआईचा गाडा असायचा. गावात पटकी आली की लाकडाचा छोटा गाडा, त्यात देवी, लिंबं, नारळ, हिरवी चोळी, असं सगळं घालून वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावचे लोक तो आपल्या शिवेवरून पुढं ढकलायचे. आजा सांगायचा, यावरून मारामाऱ्या व्हायच्या.

बिब्बा | बुधवार, रात्री ९.००

सतराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी मोर्देशींवरचा एक उपाय लिहून ठेवलाय : तापवलेल्या लोखंडाने टाचेला डाग द्यायचा, रोगी ओरडला की बरा होणार म्हणायचं, आणि मग मिरपूड घातलेली तांदळाची पेज. डाग अघोरी, पण पेज?

खोकला डॉक्टर | बुधवार, रात्री ११.३०

पेजेला शंभर गुण. डागाला वजा हजार. मेळघाटातून तान्ह्या बाळांच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या आजही येतात, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका.

पेज म्हणजे पाणी, मीठ आणि पिष्ट. आतड्यात साखर आणि मीठ बरोबर गेले की ते पाण्याला आत ओढतात, जुलाब चालू असतानाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. ओआरएसचं जे पाकीट ताईंना मिळालं ते तेच, पुढे थोडं सुधारलेलं.

पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. घोट घोट, उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा. कोला नको, रंगीत सरबत नको. मूल मलूल झालं, आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, शौचात रक्त आहे, तर सहाण बाजूला ठेवून रिक्षा करा. ताईंनी केलं तेच बरोबर.

जायफळाला माझी हरकत तीन वेढ्यांपर्यंत नाही. सातला आहे.

केळेवाडीची लेक | गुरुवार, रात्री १०.१५

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आज दुपारी सासूबाईंच्या शेजारी बसून अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. जुलाबाच्या गुलाबाला त्या इतक्या हसल्या की कवळी काढून ठेवावी लागली.

पण एका गोष्टीला हसल्या नाहीत. कडक भाकरी यांची पायरी आली, ‘अजीर्ण, मोडशी, वाखा, पटकी’, तेव्हा म्हणाल्या, "आमच्याकडे पटकी म्हणत नसत."

त्यांचं माहेर राजापूरजवळ. त्या सात-आठ वर्षांच्या असताना पावसाळ्यात वाडीत दुखणं आलं. शेजारच्या घरातले दोघे गेले, एक तर त्यांच्या बरोबरीची मुलगी. पण घरात कुणी पटकी हा शब्द काढला नाही. नाव घेतलं की उंबरा ओलांडते, अशी समजूत. सापाला रात्री जनावर म्हणायचं, दिवा मालवायचा नाही वाढवायचा, तसंच हे. कुणी विचारलं तर त्यांची आजी सांगायची, "मोडशी झाली होती हो पोरीला." आणि त्यांना वाटायचं, मोडशी तर मलाही झाली होती गणपतीत, मग मी कशी राहिले?

"मोठी झाल्यावर कळलं," म्हणाल्या. मग थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

रविवारी पहाटे त्या गुडघे धरून चार जिने का उतरल्या, ते मला आज समजलं.

अनुस्वार | गुरुवार, रात्री १०.४०

ताई, हे मला कुठल्याच कोशात सापडलं नसतं. मोडशी सौम्य कशी झाली असेल हे मी दोन दिवस पुस्तकांत शोधत होतो. मोठ्या दुखण्याला लहान नावाखाली लपवत गेलं, दुखणं गेलं आणि नाव तेवढं उरलं. निदान एका घरात तरी असंच झालं.

खोकला डॉक्टर | गुरुवार, रात्री ११.०५

त्यांचं वय धरलं तर साल १९५५च्या आसपासचं असावं. कोकणात तेव्हा सलाइन कुठून येणार? आजींना नमस्कार.

आंबटचुका | शुक्रवार, सकाळी ८.२०

विषय थोडा बदलते, राग नसावा. आईची मुरुडशेंग आता खरंच संपत आली. दादरला चांगली कुठे मिळेल? पुड्या नकोत, अख्खी हवी.

धोबीतलावाचा मासा | शुक्रवार, सकाळी ९.०२

कुठल्याही जुन्या काष्ठौषधीवाल्याकडे. भुलेश्वरला गेलात तर निवडून घेता येईल. पीळ घट्ट असलेली बघा, आणि दाबून बघा, भुसभुशीत नको.

केळेवाडीची लेक | शुक्रवार, दुपारी ४.३०

दोन मुरुडशेंगा माझ्यासाठीही घ्या हो, पैसे पाठवते.

आणि सासूबाईंनी आज सकाळी पोहे खाताना ओर्ताचा विषय परत काढला. त्या पोर्तुगीजाने स्वतः लिहिलंय ना, फार खाल्ल्याने होते म्हणून? हो म्हटलं. म्हणाल्या, "मग आपल्या लोकांना बघून लिहिलंन का त्यांच्या लोकांना, ते विचार त्या अनुस्वाराला."